सरळ केलेलं नख

"डावीकडे घे, अजून थोडं डावीकडे," ट्वायला खालून ओरडत होती. "अरे बाबा, माझ्या डावीकडे. तुझ्या नव्हे."

वीज कंपनीच्या शिडीच्या गाडीतला माणूस वर पाळण्यात उभा राहून फळीची कड भिंतीला टेकवत होता. रार्डिनांच्या तंबाखूच्या कोठाराची भिंत काळी कुळकुळीत, नुकतीच रंगवलेली. तिच्यावर फळ्यांवर रंगवलेल्या गोधडीचा अर्धा चौकोन आधीच ठोकून झाला होता आणि उरलेला अर्धा आता चढत होता. डेन्झिल रार्डिन खाली दोर धरून उभा होता. वारा तसा फार नव्हता, ऊनही बेताचं होतं, पण त्याच्या तळहातांना घाम सुटला होता.

"जुळलं," वरून आवाज आला. "ठोकू?"

"ठोक," ट्वायला म्हणाली आणि वळून तिने डेन्झिलच्या दंडावर थोपटलं. "बघ कशी दिसतेय तुझ्या आईची गोधडी. आज असती तर केवढी हरखली असती बिचारी."

"हो ना," डेन्झिल म्हणाला.

गेल्या काही वर्षांत खोऱ्यातल्या कोठाराकोठारावर अशा गोधड्या चढल्या होत्या. ज्या घरचं कोठार, त्या घरच्या बाईने शिवलेली गोधडी घ्यायची, तिच्यातला एक चौकोन मोठा करून फळ्यांवर रंगवायचा आणि रस्त्यावरून दिसेल असा उंच ठोकायचा. खाली पाटी: अमकीची गोधडी. तंबाखू गेला, पोरं शहरात गेली, अर्धी कोठारं रिकामी पडली. निदान भिंतीवर तरी घराण्याचं काहीतरी राहू दे, असं लोकांना वाटायचं. रविवारी शहरातली माणसं मोटारी घेऊन हिंडत आणि फोटो काढत. हा सगळा खटाटोप ट्वायलाचा. शाळेतून निवृत्त झालेली मास्तरीण, या खोऱ्यात सून म्हणून आलेली, आणि एकदा तिने मनावर घेतलं की समोरच्याची सुटका नसे.

रार्डिनांच्या कोठारावर चढला तो नमुना अस्वलाच्या पंज्याचा. चार कोपऱ्यांत चार पंजे आणि प्रत्येक पंज्याला टोकदार त्रिकोणी नखं. रस्त्याकडेच्या खांबावर सकाळीच पाटी बसली होती: 'मॉडीन रार्डिन यांची गोधडी'.

यातली गोधडी तेवढी खरी होती. मॉडीनने, म्हणजे डेन्झिलच्या आईने, जन्मात कधी गोधडी शिवली नव्हती. सदऱ्याला बटण लावायचं म्हटलं तरी सुईत दोरा जाईपर्यंत ती रडकुंडीला यायची. गोधडी शिवली होती झेल्मा आत्याने. आणि आत्या जिवंत होती. गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात, नव्वदी ओलांडलेली, डोकं शाबूत, जीभ त्याहून शाबूत.

झेल्मा ही डेन्झिलच्या वडिलांची, होबर्टची, थोरली बहीण. तिचं लग्न झालं नाही. कुणी विचारलं नाही असं नाही. विचारलं तेव्हा तिची आई अंथरुणाला खिळलेली, आणि आई गेली तोवर विचारणारा दुसऱ्या कुणाचा तरी नवरा झाला होता. मग ती भावाच्याच घरात राहिली, स्वयंपाकघरामागच्या खोलीत. गाईंच्या धारा तिने काढल्या, वाळलेल्या तंबाखूची पानं दांड्यावरून तिने उतरवली, पोरांची आजारपणं तिने निस्तरली. मॉडीन जिल्ह्याच्या कचेरीत नोकरीला. नीटनेटकी, मोजकं बोलणारी. सकाळी मोटारीने जायची, संध्याकाळी यायची. दोघी कधी भांडल्याचं डेन्झिलला आठवत नव्हतं. एका घरात दोन बायका आणि इतक्या वर्षांत भांडण नाही, म्हणजे एकीने पुष्कळ गिळलेलं असतं, हे त्याला फार उशिरा कळलं.

हिवाळ्यात तंबाखूचं काम सरलं की झेल्मा गोधडीची चौकट खाली घ्यायची. बसायच्या खोलीत छताला ती दोऱ्यांनी टांगलेली असे. शिवायच्या वेळी खाली, निजायच्या वेळी वर. कापड म्हणजे कोंबड्यांच्या खाद्याची फुलाफुलांची पोती, होबर्टचे फाटके सदरे, एखादा विटलेला झगा. लहानपणी डेन्झिल त्या चौकटीखाली उताणा पडून वर-खाली होणारी सुई बघत राहायचा. तिथे त्याला झोप लागली तर आत्या त्याच्या अंगावरून पाय टाकून जायची, पण उठवायची नाही.

आणि नखाचं त्याला ठाऊक होतं. गोवराने तो फणफणला होता तेव्हा आत्याने हीच गोधडी त्याच्या अंगावर घातली आणि म्हणाली, "यात एक नख उलटं आहे. शोध बघू. डोळे मिटून, नुसत्या बोटांनी." दिवसभर तो शिवणींवरून बोटं फिरवत राहिला, आणि मधल्या चौकोनात ते सापडलं तेव्हा ताप विसरून उठून बसला. बाकी सगळ्या नखांची टोकं बाहेर, एकाचंच आत.

"चुकलं ना तुझं?" त्याने विचारलं होतं.

"चुकतंय कसलं. सगळी नखं सरळ असली तर अस्वल रानात पळून जाईल. एक उलटं असलं की ते अडखळतं आणि घरीच राहतं."

तिच्या हातच्या गोधड्या खोऱ्यात बऱ्याच घरांत गेल्या होत्या. कुणाचं लग्न, कुणाचं बाळंतपण, कुणाचं घर जळालेलं. प्रत्येकीत कुठेतरी एक तुकडा असा उलटा असायचा. बायका हसायच्या आणि म्हणायच्या, हे झेल्माचं वाकडं. नाव घालायची तिला सवय नव्हती. सही म्हणा, खोड म्हणा, ती एवढीच.

मग ही गोधडी मॉडीनची झाली कशी? एका वर्षी होबर्टने ती जत्रेतल्या प्रदर्शनात नेली. टेबलामागच्या बाईने विचारलं, कुणाच्या नावाने लावू? बायकोला खूश करायचं म्हणून असेल किंवा निव्वळ धांदरटपणाने, होबर्ट म्हणाला, "मिसेस रार्डिन." तिला पहिल्या नंबरची निळी फीत मिळाली. मॉडीन लाजेने लाल झाली, "अहो, पण ही तर झेल्माची" असं काहीतरी पुटपुटली, आणि झेल्माने हात उडवला. "असू दे गं. फीत घरातच आली ना?" झालं. पुढच्या वर्षी कुणी फितीचा विषय काढला तेव्हा मॉडीन लाजली नाही. आणखी काही वर्षांनी ती पाहुण्यांना टाके दाखवत होती. असलं खोटं एकदम बोललं जात नाही, ते हळूहळू अंगवळणी पडतं. शेवटी शेवटी तर मॉडीनला ते खरंच वाटत असावं.

या फेब्रुवारीत मॉडीन गेली. शवपेटीवर हीच गोधडी पांघरली होती, मधोमध फुलं. पाद्री म्हणाला, "या कष्टाळू हातांनी ही गोधडी शिवली." डेन्झिलची धाकटी बहीण कार्लीन हुंदके देत होती. झेल्मा पुढच्याच बाकावर बसलेली, हात मांडीवर, नजर समोर. डेन्झिलने मान खाली घातली. आईच्या प्रेतासमोर माणूस काय बोलणार? तेव्हाची चूक माफ, असं तो स्वतःला समजावत असे.

पण मार्चमध्ये ट्वायला घरी आली, तिने गोधडी पलंगावर पसरली आणि विचारलं, "ही मॉडीनचीच ना?" तेव्हा समोर प्रेत नव्हतं, पाद्री नव्हता. तरीही डेन्झिल "हो" म्हणाला.

आणि त्याहून वाईट ते पुढेच झालं. चर्चच्या तळघरात फळ्या पसरून रंगकाम चाललं होतं. डेन्झिल शाळेची बस चालवायचा. एका दुपारी पोरांना घरोघर सोडून, बस लावून तो तिकडे डोकावला. ट्वायला गुडघ्यांवर बसून रेघांना चिकटपट्टी लावत होती. फिकी न झालेली जागा म्हणून तिने नेमका मधलाच चौकोन उचलला होता.

"बरं झालं आलास," ती म्हणाली. "इथे मॉडीनची जरा गडबड झालीय. हे बघ, हे एक नख उलटं शिवलंय तिने. जसंच्या तसं काढू की सरळ करू? उलटं ठेवलं तर रस्त्यावरचे लोक म्हणतील, ट्वायलाला धड त्रिकोण काढता येत नाही."

डेन्झिल त्या नखाकडे बघत राहिला. उलटं ठेवलं, तर कधी ना कधी खोऱ्यातली कुणी म्हातारी रस्त्यावरून जाताना मान वर करणार आणि म्हणणार, अगंबाई, हे तर झेल्माचं वाकडं. मग त्या फितीचं काय, पाद्र्याच्या भाषणाचं काय? आई मेल्यावर खोटी पडणार आणि खोटी पाडणारा तिचाच मुलगा.

"सरळ कर," तो म्हणाला.

"मलाही तेच वाटत होतं." ट्वायलाने पट्टी उचकटली, फिरवली आणि पुन्हा दाबून बसवली. संपलं. कुणाचा गळा कापला नाही की कुणाची जमीन लाटली नाही. तरी घरी जाताना डेन्झिलने परत फिरावं म्हणून वळणावर गाडी थांबवली, आणि मग तशीच पुढे काढली.

शिडीची गाडी गेली, ट्वायलाही गेली. डेन्झिलची बायको ग्लेना हात पुसत बाहेर आली आणि त्याच्या शेजारी उभी राहून वर बघू लागली.

"आत्याला कधी आणतोस?"

"बघू."

"बघू काय? फोनवर फोन चाललेत तिचे. चढली का, चढली का. लहान पोरासारखं झालंय तिचं."

"तिला आता कुठलं दिसतंय."

"जवळचं दिसत नाही तिला. लांबचं माझ्यापेक्षा चांगलं दिसतं. गेल्या रविवारी चर्चमध्ये माझ्या मोज्याला भोक आहे हे तिने चार बाकं मागून सांगितलं, आणि तेही सगळ्यांना ऐकू जाईल असं." ग्लेना हसली, मग तिचं हसू गेलं. तिला सगळं ठाऊक होतं. या घरात इतकी वर्षं काढल्यावर ठाऊक नसून कसं चालेल? "बोलायचं होतं ते पाटी लागायच्या आधी बोलायचं होतंस. आता निदान तोंड लपवू नकोस."

वृद्धाश्रमाची गाडी दर रविवारी म्हाताऱ्या माणसांना चर्चला आणत असे. त्या रविवारी चर्चमध्येच सगळ्यांचं जेवण होतं. ग्लेना भांडी घासायला मागे थांबली आणि डेन्झिलने आश्रमाच्या ड्रायव्हरला सांगितलं, आज झेल्माला मी पोचवतो.

आत्याने ठेवणीतला निळा झगा घातला होता आणि गळ्यात मोत्यांची माळ. गाडीत बसताना तिने दोन्ही हातांनी झगा नीट केला.

"कोंबडी वातड होती," ती म्हणाली. "पाद्र्याचं भाषण काय आणि ती कोंबडी काय, दोन्ही फार वेळ चुलीवर ठेवलेली."

एरवी डेन्झिल खदखदून हसला असता. पाटीसमोर जायला नको म्हणून त्याने अलीकडेच, शेताच्या फाटकाशी गाडी थांबवली. तिथून कोठार पुरतं दिसत होतं. आत्याने काच खाली केली.

ती बघत राहिली. तोंड किंचित उघडं, गालांवर रंग चढलेला. मांडीवर तिचं एक बोट हलत होतं, एकेका नखाला एकेकदा. एक पंजा झाला, दुसरा झाला. चौथा संपला तेव्हा बोट थांबलं, आणि मग ते पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. डेन्झिलला ते बघवेना.

"रंग चांगला साधलाय," ती शेवटी म्हणाली. "होबर्टचा तो सदरा असाच लाल होता."

"हो."

"सगळी नखं सरळ आहेत रे."

डेन्झिलने बंद गाडीचं स्टीअरिंग दोन्ही हातांनी धरून ठेवलं.

"आणि ती खांबावर पाटी दिसतेय. काय लिहिलंय?"

"आत्या..."

"इथून मला अक्षरं लागत नाहीत म्हणून विचारते. नाव कुणाचं आहे?"

"आईचं."

"हं," झेल्मा म्हणाली.

मग तो भडाभडा बोलत सुटला. ट्वायलाने काय विचारलं, आपण काय सांगितलं, नख सरळ कर असं आपणच म्हटलं, हे सगळं. "उद्या सकाळी जातो मी तिच्याकडे. पाटी बदलतो. नख उलटं करून घेतो. चर्चमध्ये उभा राहून सांगतो सगळ्यांना."

"काही नको."

"पण तुझी आहे ती."

"मॉडीनच्या थडग्यावर अजून गवत धरलं नाही, आणि तू हमरस्त्यावर पाटी लावून सांगणार, ती खोटारडी होती म्हणून? कार्लीनने तोंड कुठे लपवायचं?" आत्याचा आवाज चढला नव्हता. "माझ्या पोटाच्या ऑपरेशनला तुझी आई रजा काढून माझ्या उशाशी बसली होती. या घरात तुझं कोण, असं एका शब्दाने कधी म्हणाली नाही. तिला फीत हवी होती, तिने घेतली. मला शिवायला हवं होतं, मी शिवलं. आमचं ते आम्ही केव्हाच मिटवलंय. तू कशाला उकरतोस?"

"मला नाही सहन होत आता."

"ते तुझं तू बघ," ती म्हणाली. मग तिने काच वर केली. "नावाचं मला काही नाही, डेन्झिल. पण नख तुला ठाऊक होतं."

"हो."

"ट्वायलाला ठाऊक असायचं कारण नाही. कार्लीनने कधी निरखून बघितलं नाही. तुझा बाप तर आंधळाच होता असल्या बाबतीत. तुला ठाऊक होतं."

साठी उलटलेला, नातवंडांचा आजोबा झालेला डेन्झिल स्टीअरिंगवर कपाळ टेकून रडला. आपण आईला वाचवायला गेलो आणि जिने आपल्याला ताप-खोकल्यातून वाचवलं तिला पुसून टाकलं, हे त्याला नीट, लख्ख दिसत होतं आणि त्याला दुसरं काही नाव देता येत नव्हतं. आत्याने पर्समधून रुमाल काढून त्याच्या हातात कोंबला.

"नाक पूस. तुझ्या बसमधलं एखादं पोर बघेल रस्त्यावरून."

वाटेत आत्याने ग्लेनाच्या गुडघ्याची चौकशी केली, यंदा गवत कधी कापणार ते विचारलं. डेन्झिलने उत्तरं दिली. आपण अजून काहीतरी म्हणायला हवं असं त्याला दर वळणावर वाटत होतं, आणि वृद्धाश्रमाचं फाटक आलं.

दारात कॅसिडी नावाची तरुण नर्स उभी होती. आत्याला हात देऊन तिने उतरवलं, वॉकर पुढे सरकवला; आत्याची पर्स डेन्झिलने घेतली.

"आल्या का मिस झेल्मा? कधीची वाट बघतेय. बघितली का तुमची गोधडी?" आणि ती डेन्झिलकडे वळली. "आठवडाभर दुसरा विषय नाही हो यांना. जेवताना तेच, गोळ्या घेताना तेच, केस विंचरताना तेच. माझी गोधडी आमच्या कोठारावर चढतेय, सगळ्या दुनियेला दिसणार. येत्या शनिवारी आम्ही सगळ्यांना गाडीत घालून न्यायचं ठरवलंय बघायला."

डेन्झिलने आत्याकडे पाहिलं. ती वॉकरची मूठ नीट धरत होती.

"माझी नव्हे गं ती," झेल्मा म्हणाली. "माझ्या भावजयीची. मीच घोटाळा केला. या वयात कुणाचं काय होतं ते ध्यानात राहत नाही."

"होतं असं," कॅसिडी म्हणाली आणि तिने आत्याच्या पाठीवरून हात फिरवला, लहान मुलीची समजूत घालावी तसा. "त्यात काय एवढं."

"नाही," डेन्झिल म्हणाला. आवाज त्याला वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. "तिचीच आहे. पहिल्या टाक्यापासून शेवटच्या टाक्यापर्यंत तिनेच शिवलीय. माझ्या आईला सुई धरता येत नव्हती."

कॅसिडीने त्याच्याकडे पाहिलं, आणि समजुतीने हसली. म्हाताऱ्यांच्या मनासारखं बोलणारी घरची माणसं ती रोज बघत होती.

"तेच तर," ती आत्याला ऐकू जाईल अशा मोठ्या आवाजात म्हणाली. "तुमचीच गोधडी, मिस झेल्मा. दुसऱ्या कुणाची असणार?" आणि डेन्झिलकडे बघून तिने हळूच डोळा मिचकावला.

"अहो, मी खरंच सांगतोय."

"कळलं मला," ती कुजबुजली. "फार जपता हो तुम्ही त्यांना."

आत्या तोवर वॉकर ढकलत जेवणघराच्या दाराशी पोचली होती. रात्रीला काय केलंय, पुन्हा तो घेवडाच असेल तर मला नको, असं ती आतल्या कुणाला तरी सांगत होती. तिची पर्स डेन्झिलच्या हातातच राहिली होती, आणि ती धरून तो तिथे उभा होता.